गुबादियाचं तूप

रुशानची आई टोबोल्स्कहून पहिल्यांदा कझानला येणार म्हटल्यावर माझ्या आईनं काबान तळ्याकाठच्या हॉटेलात टेबल राखून ठेवलं.

"होणाऱ्या विहिणीला घरी नाही बोलवायचं?" मी विचारलं.

"हॉटेलच बरं. भांडी कोण घासणार?" एवढं बोलून ती पडदे झटकायला गेली.

खरं कारण मला ठाऊक होतं. गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात आईला ताप आला आणि तिला वास येईनासा झाला, वासाबरोबर चवही गेली. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. आली नाही. आमच्या अख्ख्या इमारतीत आईच्या बेलिशचं नाव होतं. मैद्याच्या पारीत मांस-बटाटा भरून भाजलेला, परातीएवढा, कडेला वेणी घातलेला. तापानंतर तिनं तो शेजारच्या बारशाला करून नेला, तर लोक मुकाट्यानं पाणी पीत राहिले. मीठ दोनदा पडलं होतं. तेव्हापासून घरात साधंसुधं शिजायचं, तेही मी चाखून. बाहेर बोलायचं नाही अशी सक्त ताकीद. आता लग्नानंतर मी टोबोल्स्कला जाणार होते. मग तिचं कसं, हा विषय आम्ही दोघींनी टाळला होता.

रुशानची आई, मिन्नेगुल आपा, हॉटेलात शिरल्या त्या टॉवेलात गुंडाळलेलं भलंमोठं गाठोडं घेऊन. आयुष्य मासे खारवण्याच्या कारखान्यात गेलेलं, आवाज तसाच खणखणीत.

"विहीणबाई, आमच्याकडचा माशाचा बेलिश आणलाय. गाडीत मांडीवर धरून बसले होते."

हॉटेलातली वाढपी मुलगी ओशाळून म्हणाली, "बाहेरचं इथं चालत नाही, आपा."

"बाहेरचं? अगं, हे घरचं आहे!"

रुशाननं गाठोडं उचलून खुर्चीखाली सरकवलं. आपांनी माझ्या आईकडे पाहिलं. "घर लांब आहे वाटतं तुमचं?"

"नाही, इथंच, पुलापलीकडे," आई म्हणाली. तिचे कान लाल झाले.

घोड्याच्या मांसाच्या चकत्या आल्या, चहा आला, आणि मागोमाग गुबादिया. वरचं आवरण फोडलं तर आत भात, अंडी, बेदाणे आणि दह्याचा आटवून केलेला तांबूस खवा, सगळं तुपात निथळणारं. पहिला घास घेतला आणि मी थबकले. तूप खवट होतं. रुशाननंही घास गालात धरला. मी आईला कोपरानं ढोसणार, तोवर तिनं निम्मा तुकडा संपवलासुद्धा.

"घ्या ना विहीणबाई," ती कौतुकानं म्हणाली. "इथला गुबादिया किती खमंग असतो!"

मिन्नेगुल आपांनी घास रुमालात काढला. "हे खमंग? कझानमध्ये पाहुण्याला हे खमंग म्हणून वाढतात? आम्ही लांबच्या गावातले असू, पण खवट तूप आम्हाला कळतं हो!"

आईचा चमचा हवेतच राहिला. तिनं माझ्या ताटलीकडे पाहिलं, मग रुशानच्या. सगळ्यांचे तुकडे तसेच.

"खवट आहे?" तिनं मला हळूच विचारलं.

मी मान डोलावली. आपांना काहीतरी थाप मारावी असं मनात आलं होतं, पण आईनंच चमचा खाली ठेवला.

"विहीणबाई, चेष्टा नाही केली मी तुमची. मला वास येत नाही. चवही नाही. तापात गेली. म्हणून तुम्हाला इथं आणलं. घरी माझ्या हातचं काय वाढलं असतं, ते मलाच कळलं नसतं."

  मिन्नेगुल आपांनी आईची ताटली आपल्याकडे ओढली.

"मग हे विष आणखी कशाला खाताय? पोट बिघडायला चव लागत नाही." आणि ताटली बाजूला सारून, "हात तर शाबूत आहेत ना?"

"हात आहेत."

"मग उद्या तुमच्या घरी. तुम्ही लाटा, मी चाखते."

"पण माशाचा नाही हं. माझ्या घरात बेलिश मांसाचाच होतो."

"बघा! नाक गेलं तरी तोरा गेला नाही!"

आई हसली. डोळे पुसत हसली.

दुसऱ्या दिवशी आमच्या चिमुकल्या स्वयंपाकघरात मला उभं राहायलाही जागा नव्हती. मांस की मासा यावर अर्धी सकाळ गेली. शेवटी मी मंडईतून बदक आणलं. आपा कच्चं सारण जिभेवर ठेवून "अजून चिमूटभर" म्हणायच्या आणि आई मीठ टाकायची. कडेची वेणी घालायला त्यांनी दोनदा हात घातला, दोनदा आईनं त्यांच्या हातावर चापट मारली. "दोर वळताय का, विहीणबाई?"

वरचं झाकण कापून सारण वाढलं, ते संपलं. राहिला तळ, रस्सा पिऊन मऊ झालेला, ज्याच्यासाठी खरं तर बेलिश करायचा. आईनं मोठा तुकडा आपांना दिला. आपांनी तो मोडून अर्धा परत तिच्या ताटलीत ठेवला.

"काय लागतं?" त्यांनी विचारलं.

आई डोळे मिटून बराच वेळ चावत राहिली. "गरम. वरून मऊ, खाली थोडं कुरकुरीत." मग म्हणाली, "चांगलं भाजलंय."

लग्न झालं, मी टोबोल्स्कला आले. आईची चव अजून आलेली नाही, आता येईलसं वाटत नाही. पण ती आजकाल जिन्यात उभी राहून वरच्या मजल्यावरच्या झैतुना आपांना बिनधास्त हाक मारते, "या गं खाली, मीठ बघून जा!" मागच्या शुक्रवारी तिनं पाहुणे बोलावले होते. फोनवर सांगत होती, पाणी कुणी जास्त प्यायलं नाही.