ओल्या कुट्टीची ऊब

चतुराबाईंनी आपली खाट उत्तरेच्या भिंतीला लावून घेतली, तेव्हा थंडी नुकती पडू लागली होती. ही भिंत गरम असते, गुडघ्यांना बरं वाटतं, असं त्या सुनेला सांगत. देवळ्याजवळच्या वस्तीवर त्यांचं तीन खोल्यांचं स्लॅबचं घर होतं आणि त्या भिंतीला लागूनच चाऱ्याची पत्र्याची शेड. मुलगा समाधान गाई सांभाळायचा. यंदा मका काढला आणि अवकाळी पावसाने सगळा चारा भिजला. थोडं ऊन मिळालं तसं त्याने यंत्र आणून त्याची बारीक कुट्टी करून घेतली आणि शेडमध्ये माणसाच्या डोक्यावर जाईल इतकी दाबून भरली. वर्षाची बेगमी झाली म्हणून तो निवांत होता.

सून तृप्ती देवळ्याच्या शाळेत विज्ञान शिकवायची. उत्तरेच्या भिंतीला ऊन लागत नाही, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

त्या दिवशी तिने नववीच्या वर्गात शेंगदाणा टाचणीला टोचून पेटवला आणि त्यावर परीक्षानळीतलं पाणी धरलं. एक ग्रॅम पाणी एका अंशाने तापवायला जेवढी उष्णता लागते ती एक कॅलरी, आणि बिस्किटाच्या पुड्यावर लिहितात ती तिच्या हजारपट मोठी, असं ती सांगत होती. एवढ्याशा दाण्यावर पाणी तापून वाफा निघू लागल्या तशी मुलं पुढे सरकली. आरोही नावाच्या मुलीने विचारलं, की मग दाणा खाल्ल्यावर पोटात जाळ का होत नाही?

"पोटात तेच होतं, फक्त हळूहळू," तृप्ती म्हणाली. "दाणा जाळा नाहीतर खाऊन पचवा, उष्णता जवळपास तेवढीच निघते. ती अंगातून बाहेर जात राहते म्हणून भागतं."

"आणि बाहेर जायला वाटच नसली तर?"

"तर साठत जाईल," ती म्हणाली आणि तिला सासूबाईंची गरम भिंत आठवली. तास संपेपर्यंत ती काय शिकवत होती, तिचं तिलाच कळलं नाही.

घरी आल्यावर तिने चप्पलही न काढता त्या भिंतीला तळहात लावला. वरच्या अंगाला भिंत कोमट होती. खाटेच्या उंचीला हात ठेववत नव्हता. मग ती शेडमध्ये गेली. तिथे गूळ करपल्यासारखा गोड वास होता आणि कुट्टीच्या अंगावर दवासारखं पाणी धरलं होतं. ओल्या चाऱ्याला बुरशी लागली होती. गाईंच्या तोंडचा घास ही बुरशी आत बसून खात होती आणि त्या खाण्याची उष्णता एवढ्या ढिगातून बाहेर पडत नव्हती.

समाधानला तिने हे सांगितलं तेव्हा तो हसला. ओल्या चाऱ्याला थोडी ऊब धरतेच, त्यात काय, असं त्याचं म्हणणं. तृप्तीने त्याला लोखंडी पहार ढिगात खुपसायला लावली. अर्ध्या तासाने त्याने ती ओढून काढली आणि लगेच टाकून दिली. त्याने तळहात पँटीला पुसले.

"आत्ताच उपसून पसरू," तो म्हणाला.

"नका. आत हवा गेली की भडकेल. आधी अग्निशमनची गाडी येऊ द्या."

न पेटलेल्या चाऱ्यासाठी गाडी बोलावली तर गाव हसेल, असं तो पुटपुटला. पण सकाळी बोलावू, तोवर हात लावायचा नाही, असं ठरलं. गाई लांब लिंबाखाली बांधल्या. चतुराबाईंची खाट पुढच्या खोलीत आणली. आयुष्यात पहिल्यांदा गुडघे दुखायचे थांबले तर तेही तुम्हाला बघवेना, असं म्हणत त्या भिंतीकडे तोंड करून निजल्या.

सकाळी अंगणातून तृप्ती फोनवर अग्निशमनवाल्यांशी बोलत होती. वस्तीचा पत्ता समजावता समजावता तिचं शेडकडे लक्ष गेलं, तर समाधान ढिगावर चढलेला आणि खाली शेजारचा मल्हारी पाटी घेऊन उभा. वरचा थर काढला तर वाफ निघून जाईल, असा समाधानने हिशेब केला होता. वरची कुट्टी थंड, नेहमीसारखीच दिसत होती. तृप्ती ओरडणार एवढ्यात तो कमरेपर्यंत आत गेला.

ढीग आतून जळून पोकळ झालेला होता. मल्हारीने शिडी आडवी टाकली, तिच्यावर पालथं पडून समाधानला काखेत धरून ओढलं. तो बाहेर आला, त्याच्या मागोमाग त्या भोकातून आधी धूर आला आणि मग जाळ. गाडी आली तोवर शेडचे पत्रे वाकले होते आणि चतुराबाईंच्या खोलीची भिंत वरपासून खालपर्यंत तडकली होती.

नाशिकच्या हॉस्पिटलात समाधानचे पाय आणि दोन्ही हात पट्ट्यांत गुंडाळून ठेवले. डॉक्टरीणबाईंनी तृप्तीला बाजूला घेऊन सांगितलं, की जखमा तर मोठ्या आहेतच, पण त्यापेक्षा खाण्याकडे लक्ष द्या. भाजलेलं शरीर रात्रंदिवस दुप्पट वेगाने चालतं. कमी पडलं तर ते स्वतःचंच मांस खातं.

तेव्हापासून ती चमच्याने भरवत होती. अंडी, दूध, खिमट, केळी. तो नको म्हणायचा, मग तिच्याकडे बघून तोंड उघडायचा. तरी दर आठवड्याला त्याचं वजन उतरत होतं. गालफडं बसली, गळ्याची हाडं वर आली. ताप हटत नव्हता. घरून चतुराबाई फोन करून एवढंच विचारायच्या, जेवला का?

एका दुपारी तो वाटीभर खीर संपवून म्हणाला, "इतकं खातोय मी. कुठं जातंय गं सगळं?"

तृप्तीला उत्तर माहीत होतं. तिने वाटी विसळली.

महिना सरता सरता वजनाचा काटा पहिल्यांदा जागेवर थांबला. तृप्तीने नर्सला पुन्हा बघायला लावलं. आकडा तोच होता. डॉक्टरीणबाईंनी कागदावर तो लिहून घेतला. ताप अजून आहे, त्या म्हणाल्या, आणि जेवणाचं प्रमाण आणखी वाढवायला सांगून पुढच्या खाटेकडे गेल्या.