मावा मी बोलावला नव्हता

२०२२ च्या जूनमध्ये माझ्या मुळाशी फावडे टेकले, तेव्हा मी सहा वर्षांचे होते. मित्रांनो, मी एक जुने केलचे झाड आहे. कोबीच्या कुळातले, जांभळ्या पानांचे, चवीला कडसर. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलमध्ये कौन्सिल, म्हणजे इथली नगरपालिका, भाजीपाल्यासाठी जमिनीचे तुकडे भाड्याने देते. अशाच एका तुकड्यावर लीलावतीबाईंनी मला फांदीपासून वाढवले.

मी बर्फ झेलला, कबुतरांच्या चोची सोसल्या, कुरकुर केली नाही. इथे अळू हवे तेव्हा मिळत नाही, म्हणून बाई माझ्याच पानांवर बेसन थापून वड्या करायच्या.

त्या वर्षी मंडळाच्या गणपतीसाठी त्यांनी दोनशे वड्यांचा शब्द दिला. पाने मोठी हवीत, म्हणून मार्चपासून दर रविवारी कोंबडीखताच्या गोळ्या ओंजळीने घातल्या, बाळंतिणीला डिंकाचे लाडू द्यावेत तशा. पाने सुपाएवढी झाली खरी, पण मऊ आणि रसाळ. मग करडा मावा आला. ते बारीक किडे पानांमागे, देठांवर, शेंड्यावर रस शोषत बसले.

शेजारच्या तुकड्यावरचे पुरुषोत्तम, विमानाच्या कारखान्यातले निवृत्त इंजिनिअर, कुंपणावरून म्हणाले, "वहिनी, यंदा वड्या शाकाहारी राहणार का?"

बाई तापल्या. "झाड म्हातारं झालंय. उपटूनच टाकते."

म्हातारे? माव्यापेक्षा तो शब्द मला जास्त झोंबला.

तेवढ्यात इथेच जन्मलेली, युनिव्हर्सिटीत वनस्पतिशास्त्र शिकणारी त्यांची नात अन्वी तिच्या मोडक्या मराठीत मध्ये पडली. "आजी, वेट. हा झाड आजारी नाहीये. तुझा खत जास्त झालाय."

"अगं, पोटभर घातलंय त्याला."

"तेच ना. टू मच नायट्रोजन. मला ऑगस्टपर्यंत टाइम दे."

तिने मला पाइपने धुतले आणि माझे खत बंद केले. माझ्या दोन फांद्या कुंड्यांत लावल्या. शेजारी दुकानातल्या गोड, हिरव्या जातीची दोन रोपे. प्रत्येक जोडीत खत फक्त एकालाच.

ऑगस्टमध्ये गोड जातीचे खतावर पोसलेले रोप माव्याने करडे पडले होते. त्याच्या बिनखताच्या भावंडावर मावा कमी. माझ्या खतवाल्या फांदीवर थोडा, बिनखताच्या फांदीवर बोटावर मोजण्याइतका. जन्मतः आलेला गुण आणि मातीतून मिळालेले जेवण, दोन्ही मिळून किडीचे ठरवतात. माझा गुण शाबूत होता. मी तो कधी सोडलाच नव्हता.

बाईंनी चारही कुंड्या दोनदा पाहिल्या आणि फावडे शेडमध्ये नेऊन ठेवले. माझी नवी पाने तळहाताएवढीच आली, पण राठ आणि स्वच्छ. वड्या एका घासाच्या झाल्या, तरी दोनशे भरल्या.

पुरुषोत्तम आता कार्डिफला मुलाकडे असतात; जाताना माझी फांदी मागून घेऊन गेले. अन्वी शेतकऱ्यांच्या मातीची तपासणी करते. लीलावतीबाईंचे गुडघे गेले. त्या खुर्ची टाकून बसतात आणि कुणी ओंजळीने खत घालताना दिसले की काठी आपटतात.

मी अजून उभे आहे, आणि कडसरच आहे. मित्रांनो, तुमच्या रोपावर कीड दिसली, तर त्याला दुबळे म्हणण्याआधी तुम्ही त्याला काय खाऊ घातलेत ते आठवा. तरीही उपटायला आलात, तर मी सहजासहजी निघणार नाही.