लाल पट्टीखालचा कप्पा

फ्रीज एक आणि जावा दोन, त्यातून दोघींमधून विस्तव जात नव्हता. म्हणून धाकटीने फ्रीजला मधोमध लाल चिकटपट्टी लावली होती. वरचे कप्पे थोरलीचे, खालचे आपले. ओट्याचीही तीच गत. आता असल्या बाईला काय म्हणावं?

गेले पंधरा दिवस धाकटीच्या कप्प्यातली भाजी गोठून काळी पडत होती. भाजीचं तिला सोयरसुतक नव्हतं. तिची दहा वर्षांची लेक इन्सुलिनवर होती आणि तिची साखर काही केल्या उतरत नव्हती. पोरगी चोरून गोड खाते, हे धाकटीच्या डोक्यात पक्कं बसलं. काल तिने दप्तराची झडती घेतली. काही सापडलं नाही, तरी दोन थोबाडीत ठेवून दिल्या.

फ्रीजवाला मेकॅनिक आला.

"आपोआप बिघडलं नसेल, तर कोणीतरी बिघडवलंय," धाकटी म्हणाली.

"माझ्याकडे बघून बोलायचं काम नाही," थोरलीने सुनावलं.

मेकॅनिकने दाराचं रबर पाहिलं, बटण फिरवलं. सगळं ठणठणीत होतं. मग वरच्या कप्प्यात हात घातला आणि चटका बसून मागे घेतला. आत थोरलीचं वाफाळतं पातेलं होतं.

"ताई, गारवा मोजणारा सेन्सर याच्यामागेच आहे. त्याला वाटतं आत उकाडा आहे. मशीन थांबतच नाही, मग खाली मागच्या बाजूचं सगळं गोठतं."

"ऐकलंत? काय जळकी माणसं आहेत एकेक," धाकटी म्हणाली.

"पातेलं निवायची जागा ओट्यावर, खिडकीखाली होती. तिथे पट्टी कोणी मारली? मग रोज काय डोक्यावर ठेवू?"

मेकॅनिकने खालच्या कप्प्यातून, अगदी मागून, बर्फ धरलेली बाटली काढली. "हे इन्सुलिन ना? माझी आई घेते. एकदा गोठलं की वाया गेलं. वितळल्यावरही गुण येत नाही. आजच नवीन आणा."

"आणि पोरीला चोर ठरवून मोकळी झालीस," थोरली म्हणाली.

लेक दारातच उभी होती. धाकटीने तिला जवळ घ्यायला हात पुढे केला.

पोरीने दोन्ही हातांनी गाल झाकून घेतले.