जाळीमागे कोण

"ह्यातला माझा नवरा कुठला?" ओझेलाने विचारले.

जिन्यावरच्या आपल्या स्टुडिओत होझिया क्रेनशॉने टेबलावर फोटो पसरले होते. लग्ने आणि बारसे यांच्या फोटोंवर त्याचे पोट चाले, पण जीव अडकला होता तो आमच्या लोखंडाच्या कारखान्याच्या बेसबॉल टीममध्ये. ओझेलाचा नवरा लेम त्या टीमचा कॅचर. बॅटरच्या मागे उकिडवे बसून चेंडू पकडायचा, ते काम त्याचे. लेम काल गेला. उद्या चर्चमध्ये शवपेटीजवळ ठेवायला तिला त्याचा खेळतानाचा फोटो हवा होता.

"हा घ्या, सिस्टर," चर्चमधल्या बायकांना म्हणायच्या रीतीने म्हणत होझियाने एक फोटो पुढे सरकवला. "माझा सगळ्यात भारी फोटो. धावणारा घसरत आलाय, धुरळा उडालाय, आणि चेंडू बघा. हातमोज्यापासून वीतभर लांब, हवेत! शहरातल्या पेपरात छापून आला होता."

"पण तोंड कुठंय?"

"तोंडावर जाळी असणारच. कॅचर आहे तो."

"मग हा लेमच कशावरून?"

होझियाने फोटो परत आपल्याकडे ओढून निरखला. टीमला कॅचर दोन होते, लेम आणि रूफस गॅडी. दोघांचे खांदे सारखेच रुंद. आणि कारखान्याने जाळी, छातीचे कवच, हातमोजा यांचा संच दिला होता एकच. ज्याची पाळी असेल, तो तेच चढवी. होझियाचे लक्ष नेहमी चेंडूवर. चेंडू चौकटीत सापडला की फोटो जमला. जाळीमागे कोण बसले आहे, हे विचारायचे त्याच्या कधी डोक्यातच आले नव्हते.

"तुम्हीच ओळखा ना," तो गोंधळून म्हणाला. "बायको तुम्ही."

"मी एकदा तरी गेले का बघायला? खेळ रविवारी. रविवारी खेळ बघणं म्हणजे पाप, असं पाद्रीबुवांनी आमच्या मनावर बिंबवलेलं. हा तिकडं धुळीत, मी इकडं चर्चमध्ये गात. आता बघा, एवढा संसार केला आणि खांद्यावरून नवरा ओळखता येईना."

शेवटी रूफसला बोलावणे धाडले. तो धापा टाकत जिना चढून आला, टोपी काढून ओझेलासमोर मान लववली.

"रूफस, ह्यात तू आहेस की लेम?" होझियाने विचारले.

रूफसने फोटो हातात घेतला. "चेंडू सुटला असेल तर मी. पकडला असेल तर लेम."

"मस्करी नको. चेंडू अजून हवेत आहे."

"मग पुढं काय झालं ते तू सांग. कॅमेरा तुझ्या हातात होता."

होझियाला आठवेना. खटका दाबला की तो पुढच्या फोटोच्या तयारीला लागे. इतका गाजलेला फोटो, आणि तो गडी बाद झाला की नाही, हेच कुणाला ठाऊक नव्हते.

ओझेलाचे डोळे भरून आले. "उद्या सगळी म्हणतील, काय छान दिसतोय लेम. आणि निघायचास तू! परक्या पुरुषाच्या फोटोजवळ बसून रडू होय मी?"

"आणि मी मागच्या बाकावर बसून स्वतःला श्रद्धांजली वाहू?" रूफस पुटपुटला.

होझियाने कपाटावरचे खोके खाली काढले. त्यात फसलेले फोटो होते. चाळता चाळता ओझेलाचा हात एकावर थांबला. कॅचर उकिडवा बसलेला, जाळी डोक्यावर सरकवलेली. पण मान पलीकडे वळलेली, आणि सगळे पुसट.

"तो फोटो नव्हे, चूक आहे," होझिया घाईने म्हणाला. "खेळ थांबला होता. चुकून खटका दाबला गेला. चेंडूही नाही त्यात."

"हा कुठं बघतोय?"

"रेल्वेच्या रुळांपलीकडं. तिकडं..." होझिया अडखळला. "तिकडं तुमचं चर्च."

ओझेलाने फोटो रूफसच्या हातात दिला. रूफसने तो खिडकीच्या उजेडात धरला.

"लेम," तो म्हणाला.

"कशावरून?"

"तुमचं गाणं सुरू झालं की हा असाच. तिकडं पिचर चेंडू टाकायला ताटकळलाय, पंच ओरडतोय, आणि हे बेणं मान वाकडी करून ऐकतंय. शिव्या घालायचो आम्ही. मी कशाला बघू तिकडं? माझं कोण होतं?"

"तुझी बहीण गायची की तिथं," होझिया म्हणाला.

"बहिणीसाठी कोण मान वळवतो रे, येड्या?"

ओझेला हसली. काल सकाळपासून पहिल्यांदाच.

रूफसने निरोप घेतला. दाराबाहेर जिन्याच्या तोंडाशी तो थबकला. कोटाच्या खिशातून जाड भिंगांचा चष्मा काढून त्याने कानांवर अडकवला, आणि मग एकेक पायरी बघत खाली उतरला.

होझियाने ओझेलाकडे पाहिले. तीही दाराकडेच बघत होती.

"सिस्टर, त्यानं तर फोटो चष्म्याशिवायच..."

"हाच मोठा करून द्या."

"मोठा केला तर आणखी पुसट होईल."

"होऊ दे," ओझेला म्हणाली, आणि फोटोवर उमटलेला आपल्या अंगठ्याचा ठसा तिने हातरुमालाने हळूच पुसला.