ओहोटीला दिलेली सवत

शरदातली पांढुरकी, पाणावलेली दुपार. आयर्लंडच्या पश्चिम टोकाशी अटलांटिक मागे, मागे, दूर मागे सरलेला. आणि त्याने सोडून दिलेली अफाट, ओली, आरस्पानी वाळू आभाळ उराशी धरून पडलेली. वर राखाडी आभाळ, खाली राखाडी आभाळ. मध्ये वारा, नुसता वारा. उन्मत्त, लवणगंधी, कानशिलं बधिर करणारा. आणि त्या वाऱ्यातून दोन माणसं चालली होती, एकामागे एक.

पुढे हेरंब, हातात पांढरी फुलं. मागे चारुलता, त्याची बायको. दुसरी बायको, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण तिला स्वतःला ते क्षणभरही विसरता येत नसे. पहिली रेवती. ती याच देशात आजारपणात गेली, आणि आश्विनी पौर्णिमेला तिची राख याच पाण्यात सोडली. दर वर्षी त्या तिथीला हेरंब इथे एकटा येई. यंदा म्हणाला, "चल, तूही ये."

चल म्हणे! कशाला, तर हे ऐकायला.

"या खडकावर रेवती बसायची. आणि इथे, बघ, इथे तिला निळा शिंपला सापडला होता. अनवाणी चालायची गं या थंडीत. ऐकायचीच नाही कुणाचं."

"हो का?" चारू म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

जळत होती ती. हिमशीतल वाऱ्यात, ओल्या वाळूवर, पायापासून माथ्यापर्यंत जळत होती. जिवंत बाई असती तर भांडता आलं असतं, तिच्या नावाने बोटं मोडता आली असती. पण ही कधी म्हातारी होत नाही, कधी जाड होत नाही, हिची आमटी कधी खारट होत नाही. हिच्याशी लढायचं तरी कसं, सांगा ना!

आणि ती नुसती किनाऱ्यावर असती तरी परवडलं असतं. ती चारूच्या गळ्यातच होती. काळ्या दोऱ्यात ओवलेला चांदीचा इवलासा टाक. त्यावर ठोकून उठवलेली एक बाई, नाकडोळे झिजून गेलेले. लग्नाच्या दिवशी कराडच्या सासूबाईंनी तिला आत बोलावून तो बांधला होता. "ही रेवती. पहिलीचा मान पहिला. नवी साडी आधी हिला लाव, मग तू नेस. गोडाचा पहिला घास हिला दाखव. म्हणजे ती तुझ्यावर रुसायची नाही हो." बायकांतली गोष्ट बायकांत राहिली. हेरंबाला वाटे, माहेरची देवी असेल, आणि त्याने कधी विचारलं नाही.

चारूने मात्र सगळं पाळलं. दिवाळीचं रेशीम आधी तिला, मग हिला. पहिला लाडू तिला, दुसरा हिला. नवरासुद्धा तसाच, आधी तिचा, मग हिचा. आपलं सगळं आयुष्य कुणीतरी आधी वापरून ठेवलंय, असं तिला वाटायचं.

चारू देवबागची, दर्याच्या काठी वाढलेली. पौर्णिमेला भर दुपारी भरती, मग दिवेलागणीपर्यंत पाणी ओसरत जातं, हे तिथीवरून तिने झोपेतही सांगितलं असतं. देव्हाऱ्यातली भंगलेली मूर्ती सोडायला वडील तिला ओहोटी लागली की नेत, आणि म्हणत, "सुकतीत सोड गो, म्हणजे परत येवची नाय." आताही दुपार कलली होती, पाणी लांब गेलं होतं. म्हणजे ओहोटी संध्याकाळपर्यंत.

हेरंब दूर, काळ्या खडकापाशी पाठमोरा उभा होता. चारूने मानेवरची गाठ सोडली, घोट्याभर पाण्यात शिरली, आणि सगळा जोर लावून टाक भिरकावला. एक रुपेरी ठिणगी, आणि नाही. जा बये, लांब जा. गळा हलका झाला. तिला हायसं वाटलं, खोटं कशाला बोला!

पण देवबागचं गणित अटलांटिकला कुणी शिकवलंय? इथला समुद्र इथल्या वेळेचा. पाणी केव्हाच फिरलं होतं. ते आलं, हळू आलं, हलके आलं, फेनधवल ओठांनी वाळू चाटत आलं. घोट्याचं पाणी पोटरीला लागलं तेव्हा चारूच्या लक्षात आलं. तपकिरी शेवाळाची एक जुडी लाटेवर डुलत काळ्या खडकाकडे निघाली होती, आणि तिच्यात काळा दोरा गुंतला होता.

"अगं चारू! तुझी देवी!"

रेवतीची फुलं हेरंबाच्या हातून सुटली. कुठे पडली, त्याने पाहिलंही नाही. तो घाटावरचा माणूस, धड पोहता न येणारा, बुटांसकट पाण्यात घुसला. एक लाट कमरेपर्यंत भिजवून गेली, दुसरीने गुडघ्यावर आणलं. आणि मग तो परत आला. दात वाजत होते, आणि हसत होता.

"वाहून चालली होती! गाठ सुटली वाटतं? रोज इतकं मनापासून करतेस तिचं. वळ, मी बांधतो."

माझ्यासाठी धावला. तिची फुलं टाकून माझ्यासाठी धावला. चारूचा ऊर भरून आला. आणि लगेच, त्याच उरात, ती जुनी आग. की तिनेच हाक मारली याला?

गार बोटांनी त्याने गाठ मारली. मग टाक तळहातावर घेतला, उजेडाकडे वळवला, जवळून पाहिला. रेवतीचा नवरा रेवतीकडे बघत होता.

"गोड आहे गं चेहरा. नाव काय हिचं?"

एकच शब्द होता, जिभेच्या टोकावर होता. तो उच्चारला की हा जन्मभर तिच्या गळ्याकडे पाहणार, आणि पाहणार तिला नाही.

"माझी आहे ती," चारू म्हणाली. "नाव सांगायचं नसतं."

तिने टाक त्याच्या हातातून काढून घेतला, आत सोडला, कोटाचं अगदी वरचं बटण लावलं. चांदी गारठलेली होती. कातडीला लागून हळूहळू ऊब धरू लागली. पहिला घास तुझा, चारू मनात म्हणाली, पहिलं रेशीम तुझं. त्याची नजर मात्र नाही, बाई. ती माझी.

दोघं परत फिरली, या वेळी शेजारी शेजारी. मागे पाणी येत होतं. फुलांवरून येत होतं, पावलांवरून येत होतं, त्याच्या पावलांत भरत, तिच्या पावलांत भरत, येत होतं, येतच होतं.