भेगेवरचा लाल रंग

मी शर्यतीची खुर्ची, म्हणजे व्हीलचेअर, बोलतेय. बसायची नव्हे, पळायची. मागे दोन तिरकी चाकं, पुढे लांब दांडा आणि त्याच्या टोकाला एक छोटं चाक. घरी आलेले पाहुणे माझ्यावर पिशव्या ठेवतात, तेव्हा माझी मालकीण कडाडते, "टेबल नाहीये ते!"

मी तिच्याकडे आले ती जुनी होऊनच. आधीच्या मालकाची कंबर रुंद होती, म्हणून तिनं फोम कापून माझ्या कडांना ठासला. रोज सकाळी ती मला घेऊन मागच्या रस्त्यावर दहा फेऱ्या मारते. कधी ट्यूब फुटते, कधी चाकाची तार तुटते. लोक थांबतात, हळहळतात. ती म्हणते, "हळहळ राहू द्या काका, पंप धरा."

दीड महिन्यापूर्वी एका खड्ड्यात आदळून माझ्या दांड्याच्या जोडावर केसाएवढी भेग पडली. अ‍ॅल्युमिनियमचं वेल्डिंग करणाऱ्यानं तारीख दिली ती निवड शर्यतीनंतरची. शर्यत वर्षातून एकदाच. मग तिनं भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीनं रेघा मारल्या. रोज सरावानंतर बोट फिरवून बघायची. भेग रेघांच्या आत असली, तर उद्या पळायचं.

शर्यतीच्या आदल्या दिवशी ती कॉलेजात असताना तिच्या बाबांनी मला अंगणात घेतलं. बाबा गाड्या रंगवतात. त्यांनी मला घासलं, खाचा बुजवायची लांबी भरली, पुन्हा घासलं आणि श्वास रोखून लाल रंग मारला. इतक्या मायेनं मला कुणीच हात लावला नव्हता.

ती आली.

"बघ, नवीकोरी! चारचौघांत जायचं, तर नीट दिसायला नको?"

"ती लग्नाला चाललीय का बाबा? इथल्या रेघा कुठायत?"

"ते गिचमिड होय? पुसलं."

"माझी भेग होती तिथं! विचारलं का मला?"

"तीस वर्षं हेच करतोय मी. तुला विचारून करू? आणि पाहिली मी भेग, एवढीशी तर होती."

"एवढीशी म्हणजे किती?"

बाबांनी बोटावर दाखवलं. आधी नखाएवढी. मग जरा विचार करून पेराएवढी.

तिनं ब्लेडनं रंग खरवडला. खाली पॉलिश पेपरचे ओरखडेच ओरखडे, भेगेत लांबी गच्च बसलेली. भेग कुठं संपते, ते कळेना. शेवटी तिनं सराव घेणाऱ्या सरांना फोन केला, "माझं नाव काढा." आणि फोन अंगणातल्या बाजेवर फेकला.

आज शर्यत आहे. मी अंगणात उभी आहे. बाबा शेजारी पायरीवर बसलेत, कामावर गेले नाहीत. ती त्यांच्याशी बोलत नाही.

भेग वाढली नव्हती. मी पळू शकले असते. ते मला माहीत आहे आणि मला सांगता येत नाही. पण बाबांनी आधी विचारलं असतं, तर रेघा कशासाठी ते तिला सांगता आलं असतं. एवढंच मागणं आहे, दुसऱ्याच्या वस्तूला मायेनं हात लावायच्या आधी त्याला विचारा.