मुका रस्ता

अमेरिकेतल्या टूसॉन शहराबाहेरच्या महामार्गावर, अपघातात गेलेल्या नेस्तोरच्या आठवणीसाठी कडेला रोवलेल्या क्रुसापाशी माणसांची झुंबड उडाली होती. गाड्या तिथवर घरघरत यायच्या आणि क्रूस ओलांडला की टायरांचा आवाज एकदम गुडुप! लोक भराभर छातीवर क्रूस काढायचे.

"ऐका, भावांनो!" प्रवचन देणारा ब्रदर अबुंदियो डोळे मिटून गरजला. या गृहस्थाला देव भेटायचा तो नेमका माइक हातात असताना. "नेस्तोर इथेच टायर फुटून गेला. आता तोच प्रत्येक चाकाखाली हात धरतोय! हे मंतरलेलं तेल टायरला चोळा, चाक दगा देणार नाही!"

नेस्तोरची आई युलालिया खुर्चीत बसून होती. बायका तिच्या हातांचे मुके घेत होत्या. तिला काही वाटत नव्हतं. मुलगा गेल्यापासून तिचं मन बधिर झालं होतं. फक्त तो आवाज थांबला की वाटे, पोरगा इथंच आहे. म्हणून तर मुलगी नोएमी नव्या टायरांचं बोलली, तेव्हा तीच म्हणाली होती, "कशाला? तेल लावलंय ना? भाऊ आहे की तुझा."

नेस्तोरला विज्ञान शिकवणारे बेगे सर एक दिवस तिला गाडीत घालून शेजारच्या गावी घेऊन गेले. तिथंही मध्येच टायरांचा आवाज थांबला.

"इथं कोण गेलं?" तिनं विचारलं.

"कुणीच नाही, बाई. जुने टायर दळून त्यांचा चुरा डांबरात मिसळतात. अशा रस्त्यात बारीक पोकळ्या ठेवलेल्या असतात, आवाज त्यांत मुरतो. आपल्याकडं जुनं काँक्रीट क्रुसापाशी संपतं आणि हे डांबर सुरू होतं."

"मग माझा नेस्तोर?"

सरांनी गाडी कडेला घेतली. "तो तिथं नाही, बाई."

युलालियाला रडू आलं नाही. ती म्हणाली, "नोएमीचे टायर बघता का?"

रविवारी ब्रदरनं तिच्या तोंडापुढं माइक धरला. "माउली, पोराचा निरोप सांगा!"

"निरोप नाही. तो मेलाय," ती सपाट आवाजात म्हणाली. "रस्ता रबरानं गप्प झालाय. पलीकडच्या गावातला पण गप्प आहे, जाऊन ऐका. काल पोरीचे टायर बघितले, झिजून आतली तार वर आली होती. आणि मी तिला तेल चोळून रोज कामावर धाडत होते."

"माउली, श्रद्धा डळमळली तुमची!"

"तुझ्या ट्रकला चारी टायर कोरे करकरीत आहेत, ब्रदर. येताना बघितले मी." ती गर्दीकडं वळली. "तेल राहू दे. आपापली चाकं तपासा, झिजली असतील तर बदला. एक पोर गेलं माझं, तेवढं पुरे."